घरातला बोलका डबा आणि आपण संगणकवाले

कळफलक

मी गेली १९ वर्षे पुण्यात सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. आमच्या घरात इंटरनेटला जोडलेल्या वस्तू मोजक्याच आहेत. दोन लॅपटॉप, तीन फोन आणि एक प्रिंटर, ज्याच्याशी माझे संबंध कामापुरतेच आहेत. यंदाच्या भाऊबीजेला माझ्या मेहुण्याने बाबांसाठी एक बोलका स्पीकर आणला. बाबा ८१ वर्षांचे आहेत. मधुमेहाने त्यांची दृष्टी अधू झाली असून भिंतीवरचे घड्याळ त्यांना आता दिसत नाही. मी ‘बघू नंतर’ म्हणून तो खोक्यासकट कपाटावर ठेवला. त्याला आता तीन आठवडे झाले.

काल बायकोने विचारले, “ज्या धंद्यावर घराचे हप्ते फेडलेस, त्याच धंद्यातली वस्तू घरात लावायची तुला भीती का वाटते?” मला नीट उत्तर देता आले नाही. कार्यालयात चहाच्या टेबलावर विचारले, तर आठांपैकी फक्त दोघांच्या घरी असा डबा निघाला आणि त्यातल्या एकाचा लग्नात आहेर म्हणून आलेला होता. खानावळीचे स्वयंपाकघर आतून पाहिलेला माणूस तिथे जेवत नाही, तसाच हा प्रकार असावा.

तर प्रश्न असा, की तुमच्या घरी हे यंत्र आहे का? नसेल, तर त्यामागे खरे कारण आहे की नुसती व्यावसायिक खोड? आणि बाबांच्या खोलीत ते लावावे की लावू नये?

अर्धविराम

खोक्यात आहे तोवर ते जगातले सर्वांत सुरक्षित संगणकीय यंत्र आहे. हात लावू नका.

भीमथडी

मी सुरक्षा-तपासणीत काम करतो, म्हणजे इतरांनी बांधलेल्या घरांच्या कड्या हलवून पाहण्याचा पगार घेतो. माझ्याकडे असा डबा नाही.

यंदाच्याच, म्हणजे २०२५ च्या, दिवाळीचे उदाहरण घ्या. २० ऑक्टोबरला, नरक चतुर्दशीच्या दुपारी, आपण फराळ करून पेंगत असताना अमेरिकेतल्या उत्तर व्हर्जिनियातील अ‍ॅमेझॉनच्या सर्व्हरकेंद्रांत बिघाड झाला. डायनामोडीबी नावाच्या त्यांच्या डेटाबेसचा पत्ता सांगणारी डीएनएसची नोंद स्वयंचलित व्यवस्थेतल्याच दोन कामांच्या शर्यतीत रिकामी होऊन बसली, आणि पत्ताच हरवल्यामुळे त्यावर विसंबलेल्या सेवा एकामागून एक कोलमडल्या. स्नॅपचॅट बंद, सिग्नल बंद, त्यांच्याच बोलक्या स्पीकरमधली अलेक्सा मुकी. इथवर ठीक होते. पण एट स्लीप या कंपनीच्या इंटरनेटवर चालणाऱ्या गाद्याही बिघडल्या. काहींच्या तापलेल्याच राहिल्या, तर काहींच्या उशाकडून उचललेल्या अवस्थेत अडकल्या. ती बातमी वाचून आमच्या गटात कोणालाही आश्चर्य वाटले नाही, एवढेच मला सांगायचे आहे. बाहेरचा माणूस अशी बातमी वाचून ‘हे कसे झाले?’ असे विचारतो. आम्ही ‘हे रोज कसे काय होत नाही?’ असे विचारून चहा संपवतो.

ज्या गादीला झोपण्यासाठी डीएनएस लागते, तिच्यावर मी निजणार नाही.

नऊवारी

मी संगणकवाली नाही, पण एका संगणकवाल्याशी माझे लग्न होऊन २२ वर्षे झाली आहेत, म्हणून बोलते. तुमची ही विरक्ती मला अर्धी ढोंगी वाटते. आमचे यजमान बोलक्या स्पीकरला ‘घरातला हेर’ म्हणतात आणि हे वाक्य ज्या फोनवर टंकतात, तो झोपतानाही त्यांच्या उशाशी असतो. त्या फोनला मायक्रोफोन आहे, कॅमेरा आहे आणि तुम्ही कोणत्या हॉटेलात किती वेळ बसलात, हेही त्याला ठाऊक आहे. बिचारा स्पीकर निदान स्वयंपाकघरातून हलत तरी नाही.

कळफलक

नऊवारीताई, बायकोने तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. दोनदा.

ध्वनिलहर

मी काही वर्षे वाणी-ओळखीच्या क्षेत्रात काम केले आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंचे थोडे थोडे दुरुस्त करतो.

‘ते सतत ऐकते’ हे विधान खरे आहे आणि खोटेही. यंत्राच्या आत एक लहानसे प्रारूप (मॉडेल) सतत चालू असते, आणि त्याला ठरलेली हाक ऐकू आली की नाही, यापलीकडे काहीही कळत नाही. तोवरचा आवाज काही सेकंदांपुरता स्मृतीत फिरत राहतो आणि मागून आलेल्या आवाजाखाली पुसला जातो. हाक ओळखली गेली, की पुढचे बोलणे सर्व्हरकडे रवाना होते. तिथे आवाजाचे शब्द होतात, शब्दांवरून हेतू ठरतो आणि उत्तराचा पुन्हा आवाज होऊन तो घरी परत येतो. खरी मेख त्या लहान प्रारूपाच्या उंबरठ्यात आहे. उंबरठा उंच ठेवला, तर माणसाला तीनदा ओरडावे लागते आणि तो यंत्र परत करतो. खाली ठेवला, तर यंत्र मालिकेतल्या संवादालाही ‘ओ’ देते. आता विकणाऱ्याने यांतले काय निवडावे, हे तुम्हीच सांगा.

या चुकून दिलेल्या ‘ओ’मुळेच २०१९ साल गाजले. अलेक्साची काही ध्वनिमुद्रणे माणसे बसून ऐकतात, असे ब्लूमबर्ग वृत्तसंस्थेने एप्रिलमध्ये उघड केले. जुलैमध्ये बेल्जियमच्या व्हीआरटी वाहिनीने गूगलबद्दल आणि गार्डियनने अ‍ॅपलच्या सिरीबद्दल तेच सांगितले. आम्हा मंडळींना त्यात नवल नव्हते, कारण माणसाने ऐकून लिहून काढल्याशिवाय प्रारूपाला शिकवणार कसे? नवल एवढेच वाटले, की हे ग्राहकांना कोणी स्पष्ट सांगितलेच नव्हते. सिरीच्या खटल्यात अ‍ॅपलने आरोप अमान्य केले, तरी जानेवारी २०२५ मध्ये साडेनऊ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. त्याच वर्षी २८ मार्चपासून अ‍ॅमेझॉनने एको या आपल्या काही बोलक्या यंत्रांवरचा ‘आवाज बाहेर पाठवू नका’ हा पर्यायच काढून टाकला.

म्हणून नऊवारी यांचे फोनबद्दलचे म्हणणे रास्त असले, तरी एक फरक उरतो. फोन माझा एकट्याचा आहे आणि त्याच्या अटी मी न वाचता का होईना, स्वतः मान्य केल्या आहेत. दिवाणखान्यातला डबा पाहुण्यांचे, धुणेभांडी करणाऱ्या मावशींचे आणि शेजारच्या मुलांचेही ऐकतो, आणि त्यांना कोणी विचारलेले नसते.

गावगाडा

ध्वनिलहर यांनी उंबरठा सांगितला, मी त्यावर अडखळून पडलेल्यांची यादी देतो. जानेवारी २०१७ मध्ये टेक्सासमधल्या डॅलसच्या एका सहा वर्षांच्या मुलीने अलेक्साशी गप्पा मारता मारता बाहुलीघर आणि सुमारे चार पौंड बिस्किटे मागवली. इथवर बालहट्ट. पुढे सॅन दिएगोच्या एका वाहिनीवर वृत्तनिवेदकाने कौतुकाने तेच वाक्य पुन्हा उच्चारले आणि प्रेक्षकांच्या घरांतली यंत्रे बाहुलीघरे मागवायला निघाली! त्याच एप्रिलमध्ये बर्गर किंगने आपली जाहिरात मुद्दाम अशी केली, की ती दूरचित्रवाणीवर लागताच घरातल्या गूगलच्या यंत्राने विकिपीडियावरून बर्गरचे वर्णन वाचायला घ्यावे. मग विकिपीडियावरच्या त्या लेखात लोकांनी काय काय लिहून ठेवले असेल, याची कल्पना करा.

मार्च २०१८ मध्ये तर अलेक्सा आपण होऊन हसू लागली. ‘अलेक्सा, हस’ अशी आज्ञा तिला भलत्याच आवाजांत ऐकू येत होती. उपाय म्हणून कंपनीने ती आज्ञा ‘अलेक्सा, तू हसू शकतेस का?’ अशी लांबलचक केली. यावरची माझी प्रतिक्रिया शुद्ध धंदेवाईक होती. अशी ठिगळे मीही शुक्रवारी संध्याकाळी लावलेली आहेत.

तिसरी घंटा

मी निवृत्त शिक्षिका आहे. आपली यंत्रे ऐकतात की नाही, यावर एवढी चर्चा चालली आहे. माझी तक्रार उलट आहे. माझे ते ऐकतच नाही.

आमच्या घरी मुलाने असे एक यंत्र बसवून दिले. पहिल्या संध्याकाळी मी त्याला स्वच्छ उच्चारात सांगितले, “पावणेआठचा गजर लाव.” पडद्यावर उमटले, ‘पाहुणे आठ’. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. दुसऱ्यांदा सांगितल्यावर त्याने आठचा गजर लावला. ‘सात पंचेचाळीस’ म्हटल्यावर मात्र शहाण्यासारखे ऐकले. सव्वा, साडे, पावणे, दीड, अडीच हा आमच्या पिढीचा हिशेब आहे. डाळ अडीच शिट्ट्यांनी नाही, पण अडीच वाट्या पाण्यातच शिजते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असे वाचन आले, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला होता! आता मी घरात बसून यंत्रासाठी मुकाट्याने ‘सात पंचेचाळीस’ म्हणते आणि कोणी अग्रलेख लिहीत नाही.

दुसरे म्हणजे ‘च’. चहातला च वेगळा आणि चमच्यातला च वेगळा. ‘ज’चेही तसेच. यंत्र बातम्या वाचू लागले, की ‘जगातील घडामोडी’ अशा उच्चारते, की त्या पाण्याच्या जगात घडल्या असाव्यात.

ध्वनिलहर

बाई, यात यंत्राचा दोष अर्धाच आहे. देवनागरीत दोन्ही ‘च’ एकाच अक्षराने लिहितात, त्यामुळे लिखित मजकुरावरून बोलणाऱ्या प्रणालीला कोणता उच्चार करायचा, हे अक्षरावरून कळतच नाही. ते एकेका शब्दाच्या अनुभवावरून शिकवावे लागते. हिंदीत दंततालव्य, म्हणजे दातांजवळ जीभ टेकवून उच्चारायचा, ‘च’ नाही, म्हणून हिंदीच्या जिवावर तयार झालेले मराठी हमखास तिथेच घसरते. गूगल असिस्टंट २०१८ मध्ये फोनवर मराठी बोलू लागला आणि अलेक्सा २०१९ मध्ये हिंदी शिकली. मराठीचा नमुना-आवाज वाढवायचा असेल, तर मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’ प्रकल्पात कोणालाही मराठी वाक्ये वाचून देता येतात. तुमच्यासारखा स्वच्छ ‘च’ तिथे हवाच आहे. पावणेआठसुद्धा.

तुळशीबाग

सर्वांनी दूरच्या सर्व्हरला एवढी नावे ठेवली आहेत, तर मी माझा पराक्रम सांगतो. आवाज घराबाहेर जाऊच द्यायचा नाही, असे ठरवून मी ‘होम असिस्टंट’ हे घरातली यंत्रे चालवणारे मुक्त सॉफ्टवेअर रास्पबेरी पाय नावाच्या एका छोट्या संगणकावर चढवले आणि वाणी-ओळखीसाठी ओपनएआयने २०२२ मध्ये खुले केलेले ‘व्हिस्पर’ त्याला जोडले. व्हिस्परला मराठी येते. चार शनिवार-रविवार गेले. पाचव्या रविवारी मी सर्वांना दिवाणखान्यात बसवले आणि म्हणालो, “दिवा लाव.” एवढ्याशा यंत्रावर ते प्रारूप विचार करू लागले. आम्ही सगळे दिव्याकडे पाहत होतो. आठ-नऊ सेकंदांनी दिवा लागला. पण तोवर आईने उठून बटण दाबलेले असल्यामुळे तो नेमका कोणी लावला, यावर घरात आजही मतभेद आहेत.

तरीही मी ते काढलेले नाही. अमेरिकेत इन्स्टिऑन नावाच्या कंपनीने एप्रिल २०२२ मध्ये गाजावाजा न करता सर्व्हर बंद केले आणि लोकांची दिवे-पंख्यांची केंद्रे एका रात्रीत निकामी झाली. माझा दिवा उशिरा लागतो, पण कोणाच्या दिवाळखोरीमुळे विझत नाही.

भीमथडी

तुळशीबाग, त्या रास्पबेरी पायचा मूळचा पासवर्ड बदलला आहे ना? २०१६ मध्ये मिराई या दुष्ट सॉफ्टवेअरने लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते काही फार हुशारीने नव्हे. कारखान्यातून आलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या एकेक करून लावून पाहिल्या, इतकेच. त्या सैन्याने ऑक्टोबरमध्ये डाइन या डीएनएस कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स अडखळले.

तुळशीबाग

बदलला आहे. आता तो मलाही आठवत नाही, म्हणजे सुरक्षा पूर्ण झाली.

एडिसनकर

न्यू जर्सीतून लिहितो आहे. आमच्याकडे तीन खोल्यांत तीन डबे होते, आता एकही नाही, कारण मुले. लहान मुलांची ध्वनिमुद्रणे पालकांनी सांगूनही पुसली नाहीत, या आरोपावरून मे २०२३ मध्ये इथल्या व्यापार आयोगाने अ‍ॅमेझॉनवर अडीच कोटी डॉलरचा दंड बसवला. त्याआधी डिसेंबर २०२१ मध्ये एका दहा वर्षांच्या मुलीने अलेक्साकडे काहीतरी आव्हान मागितले, तर तिने इंटरनेटवरून उचलून अर्धवट घातलेल्या प्लगच्या पिनांना नाणे लावायला सांगितले. मुलीची आई जवळच होती, म्हणून निभावले. अशा बातमीवर मी विनोद करू शकलो नाही, कारण शोधनिकालातला पहिला उतारा उचलून उत्तर म्हणून देणारा कोड मीही लिहिला आहे. तो उतारा ‘असे करू नका’ या लेखातला आहे, हे कळण्याची सोय माझ्या कोडमध्येही नव्हती.

निंबोणी

धागा वाचते आहे, पण कळफलक यांचा तिसरा प्रश्न सगळे विसरले आहेत, असे दिसते. बाबांच्या खोलीत लावावे की नाही?

माझी आई मिरजेला असते. काचबिंदूने तिची दृष्टी सहा वर्षांपूर्वी गेली. मीही संगणकाच्याच व्यवसायात आहे आणि भीमथडी यांनी लिहिलेले सगळे मला मान्य आहे. तरीही तिच्या उशाशी तीन वर्षांपासून असे यंत्र आहे. ते ती कशासाठी वापरते, ते सांगते. बातम्या, अभंग, पाऊस येईल का, हे आहेच. पण मुख्य उपयोग रात्रीचा आहे. दृष्टी गेलेल्या माणसाला रात्री जाग आली, की पहाट झाली आहे की दीडच वाजला आहे, हे कळत नाही. पूर्वी ती रस्त्यावर दूधवाल्याच्या सायकलीचा आवाज येईपर्यंत पडून राहायची, किंवा वहिनीला हाक मारायची आणि मग तिची झोपमोड केली म्हणून दिवसभर चुकल्यासारखी वागायची. आता ती हळूच विचारते आणि यंत्र वेळ सांगते. पुन्हा दहा मिनिटांनी विचारले, तरी ते ‘आत्ताच तर सांगितले’ असे म्हणत नाही.

आपल्याला जे यंत्र चैनीचे वाटते, त्याचा धोका आणि तिच्या गरजेचा धोका एकाच तराजूत घालू नये, असे माझे मत आहे. काळजी मात्र घ्या. आवाजावरून खरेदी बंद करा, ध्वनिमुद्रणे साठवू नयेत हा पर्याय निवडा, त्या यंत्राला पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर ठेवा, आणि बाहेरून कोणी थेट आवाज सोडू शकेल ती सोय बंद ठेवा. आईच्या बँकेचे काहीही त्याला जोडलेले नाही.

नऊवारी

निंबोणी, हा प्रतिसाद मी यजमानांना वाचायला दिला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी वेगळे वायफाय कसे करतात, ते सासूबाईंना समजावून सांगायला सुरुवात केली. सासूबाईंनी काही विचारले नव्हते.

भीमथडी

निंबोणी यांच्यापुढे माझा युक्तिवाद टिकत नाही, हे मान्य करतो. बाबांच्या खोलीत लावा. दिवाणखान्यात मात्र नको, कारण ध्वनिलहर यांचा पाहुण्यांचा मुद्दा मला अजूनही पटतो. शिवाय मायक्रोफोनचे बटण यंत्रावर प्रत्यक्ष असेल आणि ते दाबल्यावर मायक्रोफोनचा वीजपुरवठाच तुटत असेल, असेच यंत्र ठेवा.

आणखी एक. यंत्र खिडकीत ठेवू नका. २०१९ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या आणि टोकियोतल्या संशोधकांनी लेझरचा प्रकाश मायक्रोफोनवर कमीजास्त करून ११० मीटरवरून आज्ञा देऊन दाखवल्या. प्रकाशाने मायक्रोफोनचा पडदा थरथरतो आणि यंत्राला वाटते कोणी बोलले.

अर्धविराम

भीमथडी, कळफलक यांच्या समोरच्या इमारतीत राहणाऱ्या माणसाकडे दुर्बीण, लेझर आणि एका निवृत्त गृहस्थांचा गजर बदलण्याची इच्छा, हे तिन्ही एकत्र असण्याची शक्यता किती?

भीमथडी

आमच्या व्यवसायात शक्यता सांगत नाहीत. अहवालात ‘मध्यम’ लिहितात.

कळफलक

सर्वांचे आभार. निंबोणी यांचा प्रतिसाद वाचल्यावर लक्षात आले, की गेले तीन आठवडे मी बायकोशी, मेहुण्याशी, कार्यालयातल्या सात जणांशी आणि तुम्हा सर्वांशी बोललो, पण बाबांना काही विचारलेच नव्हते.

रविवारी खोके खाली काढले. बाबांनी हयात एसटीच्या कार्यशाळेत इंजिने उघडण्यात घालवली. त्यांनी ते यंत्र हातात घेऊन चाचपले आणि पहिला प्रश्न केला, “हे बंद कुठून होतं?” आमच्या क्षेत्रात हा प्रश्न बहुधा विक्रीनंतर विचारतात. मायक्रोफोनचे बटण पृष्ठभागाशी इतके सपाट होते, की त्यांच्या बोटांना ते सापडेना. त्यांनी आईची टिकली मागितली, ती बटणावर दाबून बसवली, आणि डोळे मिटून चार वेळा बंद-चालू करून पाहिले. टिकली दुसऱ्या दिवशी सुटली, तेव्हा तिथे एम-सीलचा मुगाएवढा ठिपका आला.

ठेवलेले खिडकीपासून दूर आहे, वायफाय वेगळे केले आहे आणि खरेदी बंद आहे. बाबा दिवसा ते बंदच ठेवतात आणि निजताना ठिपका दाबून चालू करतात. पहिल्या रात्री मी जागाच होतो. दोनच्या सुमारास त्यांच्या खोलीतून “किती वाजले?” असे ऐकू आले, मग त्या यंत्राचा आवाज, आणि थोड्या वेळाने त्यांचे घोरणे. तिसरी घंटा बाईंना कळवायचे म्हणजे, ते ‘सव्वादोन’ न म्हणता ‘दोन वाजून पंधरा मिनिटे’ म्हणते. बाबा त्याला दर वेळी “म्हणजे सव्वादोन” असे सुधारून सांगतात.

तिसरी घंटा

त्यांना माझा नमस्कार सांगा.

अर्धविराम

तरीही खोके जपून ठेवा. परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे?

कळफलक

मुदत केव्हाच संपली. खोक्यात बाबांनी स्क्रू ठेवले आहेत.